दफ्तराबाहेरची भाजी

मराठी गृहिणीला ‘कॅसरोल’ हा शब्द ठाऊक आहे तो पोळ्या ऊन ठेवण्याच्या दुहेरी भिंतीच्या डब्यापुरता. फ्रेंच भाषेत तो पातेल्याचा वाचक आहे, आणि तेथून इंग्रजीत उतरल्यावर भट्टीत सावकाश शिजणारा पदार्थ व तो ज्यात शिजतो ते खोलगट पात्र अशा दोन्ही अर्थांनी तो रूढ झाला, हे तिला कोणी सांगितले नाही आणि सांगण्याचे फारसे प्रयोजनही नव्हते. अलीकडे मात्र चांद्यासारख्या, म्हणजे आजच्या चंद्रपुरासारख्या, शहरातल्या समारंभांतही पुलाव आणि पनीर यांच्या पंक्तीला साय, मैदा व चीज यांच्या पांढऱ्या लेपाखाली गुदमरलेल्या अळंबीचे एक पात्र मांडलेले दिसू लागले आहे. अशाच एका बारशाच्या जेवणात, आषाढाच्या अखेरीस, माझ्या आत्याबाईंनी त्या पात्रातला एक घास तोंडात बराच वेळ घोळवला. सिंदेवाहीकडच्या एका धानपिकाच्या खेड्यात त्यांचा सारा जन्म गेलेला, आणि वय तेव्हा ऐंशीच्या घरात. घास गिळून झाल्यावर त्या मला हळूच म्हणाल्या, “सात्यायले साय कायले पायजे, बापू? त्यायचा रस त्यायच्यातच असते.”

पात्रातल्या त्या अळंबी सात्या नव्हत्याच. थंड हवेच्या कोठीत, सडवून तयार केलेल्या खतावर वाढवलेली ती बटणासारखी पांढरी जात होती. पण पूर्व विदर्भातल्या या झाडीपट्टीत पाऊस पडला की जमिनीतून वर येणारे खाण्याजोगे जे काही छत्र असेल त्याला सात्या म्हणावयाचे, कोठे टेकोडे म्हणावयाचे, आणि त्यावर कोकणातला ‘अळंबी’ किंवा पुस्तकातला ‘भूछत्र’ हा शब्द चढवू पाहणाऱ्याकडे किंचित दयेने पाहावयाचे, अशी तेथली रीत आहे. आत्याबाईंचे ते वाक्य माझ्या मनातून जाईना. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांच्या इतिहासाची साधने चाळताना लाख, मोह, कात, साग, बांबू यांच्याविषयी पानेच्या पाने हाती येतात. परंतु ज्या वस्तूची वाट येथला माणूस मृगाच्या पहिल्या सरीपासून पाहतो, तिला त्या कागदांत जागा का नसावी, हा प्रश्न मला त्या वाक्याने घातला.

आधी त्या परदेशी पात्राचे थोडक्यात सांगून टाकतो. पांढऱ्या अळंबीची पद्धतशीर लागवड सतराव्या शतकात पॅरिसच्या आसपास सुरू झाली, आणि एकोणिसाव्या शतकात त्या शहराखालच्या दगडाच्या जुन्या खाणींत, जेथे ना ऊन ना हिवाळा, तिचे बारमाही मळे उभे राहिले. अमेरिकेतील कॅम्पबेल कंपनीने १९३४ साली सायीतल्या अळंबीचे घट्ट सूप डब्यात भरून विकावयास काढले, आणि १९५५ साली त्याच कंपनीच्या पाकशाळेत डॉरकस रायली या बाईंनी त्या डब्याच्या आधाराने घेवड्याच्या शेंगांचे कॅसरोल सिद्ध केले, ते तिकडच्या सणावारांत कायमचे जाऊन बसले. म्हणजे ज्याला आपण पाश्चात्त्य परंपरा म्हणून भक्तिभावाने वाढून घेतो, तिचे वय एका माणसाच्या आयुष्याहून फार अधिक नाही. आपल्याकडे या पांढऱ्या जातीचे पद्धतशीर काम १९६१ साली हिमाचलातील सोलन येथे सुरू झाले, आणि चांद्याच्या मंडईत ती प्लास्टिकच्या डबीतून पोचली ती त्यानंतर पुष्कळ वर्षांनी. तिच्याविषयी माझी तक्रार एवढीच की ती स्वभावाने निर्गुण आहे, आणि निर्गुणाच्या उपासनेला जशी मूर्तीची, तशी तिला सायीची गरज लागते.

सात्यांची गोष्ट निराळी. त्यांतली जी श्रेष्ठ जात, ती उगवते वारुळावर किंवा वारुळाजवळच्या सपाट दिसणाऱ्या जमिनीतून, आणि तिचा मालक कोणी माणूस नसून वाळवी आहे. वाळवीचे कामकरी कुजके लाकूड, पालापाचोळा व वाळलेले गवत गिळून वारुळात नेतात, आणि अर्धवट पचलेल्या त्या द्रव्याचे, मधाच्या पोळ्यासारखे सच्छिद्र, स्पंजासारखे मऊ असे थर रचून त्यांवर एका विशिष्ट बुरशीची लागवड करतात. ती बुरशी लाकडातले न पचणारे भाग फोडून देते, आणि त्या बदल्यात तिला वर्षभर ऊब, दमटपणा व परक्या बुरशांपासून संरक्षण मिळते. माणूस शेती करू लागला त्याला दहाबारा हजार वर्षे झाली असतील. वाळवीची ही शेती सुमारे तीन कोटी वर्षांची आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ रॉजे हेम यांनी १९४२ साली या बुरशीच्या कुळाला टर्मिटोमायसिस असे नाव दिले, आणि दक्षिण भारतातल्या एका जातीला १९७९ साली नटराजन यांनी त्याच हेम साहेबांचे नाव जोडून टर्मिटोमायसिस हायमी असे संबोधले. पावसाने जमीन मुरली की ही बुरशी वारुळातल्या आपल्या मळ्यापासून एक लांब, चिवट, मुळासारखा देठ वर पाठवते. त्याचे टोक भाल्यासारखे अणकुचीदार असते, ते माती फोडते, आणि एका रात्रीत तेथे करड्या-पांढऱ्या छत्र्यांची वसाहत उभी राहते. पुष्कळ प्रयोगशाळांनी प्रयत्न करूनही ही अळंबी वाळवीवाचून फायदेशीर रीतीने पिकवता आलेली नाही. तिला पेरता येत नाही, तिचा हंगाम लांबवता येत नाही, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिच्यात अळ्या पडलेल्या असतात.

आत्याबाईंना लहानपणी मी या कामात पाहिले आहे. आपल्या शेताच्या धुऱ्यावरच्या एका वारुळाशी पहाटे, अजून उंबराखाली अंधार असतानाच त्या जात. छत्री धरून ओढणे त्यांना मंजूर नसे, कारण तसे केले की देठ जमिनीत मोडतो आणि निम्मी भाजी वाळवीच्या पदरात राहते. देठाभोवतीची माती बोटांनी मोकळी करावयाची, मग दोन बोटांत तो धरून, जणू झोपलेल्या मुलाच्या मुठीतून वस्तू काढून घ्यावी तसा, कलाकलाने वर घ्यावयाचा. हातभर लांब असा तो काळपट मुळासारखा भाग बाहेर आला की त्याची साल नखाने सोलून आतला पांढरा गाभा त्या मला दाखवीत. न उमललेल्या कळ्या त्या मागे ठेवीत, पण दयेने नव्हे. त्या उद्याच्या जेवणासाठी होत्या, आणि उद्या दुसऱ्या कोणी त्या नेऊ नयेत म्हणून वर पळसाची दोन पाने सहज पडल्यासारखी टाकलेली असत.

सात्या विजेच्या कडकडाटाने उगवतात ही समजूत झाडीपट्टीत सार्वत्रिक आहे, आणि ती केवळ आपली नव्हे. ग्रीक ग्रंथकार प्लुटार्क यानेही भुईत उगवणाऱ्या अशा वस्तूंचा मेघगर्जनेशी काय संबंध, याची भोजनगोष्टीत चर्चा केली आहे. वारुळाची पूजा मात्र आपली. सात्यांच्या दिवसांतच नागपंचमी येते, आणि गोव्यात वारुळाला रोयण म्हणून सातेरी देवीच्या रूपाने पुजतात. तेथे रोयणीवरची अळमी आजही पावसाळ्यातले महागडे पक्वान्न आहे. सातेरी आणि सात्या यांच्या नामसादृश्यावरून व्युत्पत्ती लढवण्याचा मोह मला एका रात्री फार झाला होता. सकाळी पुरावा शोधला, तो मिळाला नाही, आणि तो कागद मी चुलीत घातला.

शास्त्रकारांचे या भाजीविषयी एकमत नव्हते. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण व कांदा यांच्याबरोबर कवक म्हणजे भूछत्र हेही द्विजांस वर्ज्य सांगितले आहे. वैद्यांनी मात्र निषेध करण्याऐवजी वर्गीकरण केले. चरकसंहितेच्या अन्नपानविधीत सर्पच्छत्रक नावाची एक जात वगळून इतर पुष्कळ छत्रजाती खाण्यात येतात असे मानून त्या थंड, मधुर, पचावयास जड व पडसे आणणाऱ्या आहेत असा अभिप्राय दिलेला आहे. आणि सुश्रुतसंहितेत तर भाताचा पेंढा, ऊस, शेण, बांबू व जमीन अशा पाच ठिकाणी उगवणाऱ्या छत्रांचा भेद केला आहे. यांतला पेंढा व बांबू वाचताना मला उगाचच वाटते, की हे लिहिणाऱ्याने कोठे तरी झाडीपट्टीसारखा मुलूख पाहिला असावा. धर्मशास्त्राचा निषेध या प्रदेशात फारसा पोचला नाही, कारण येथे द्विज थोडे आणि पाऊस फार. तरीही कित्येक घरांत श्रावण लागला की सात्या मांसाच्या पंगतीत बसवून वर्ज्य करतात, आणि भाद्रपदात उरल्यासुरल्यांवर तुटून पडतात.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. चांद्याच्या गोंड राजांनी अरण्य तोडून तलाव बांधणाऱ्यास त्या पाण्याखाली भिजणारी जमीन तुकूम म्हणून सनदेने देण्याची जी वहिवाट पाडली, तिच्यामुळे आजचा हा धान, तलाव, बोड्या आणि मधूनमधून राखलेल्या रानाचा प्रदेश आकाराला आला. चंद्रपूर शहराच्या एका वस्तीचे तुकूम हे नाव अजून त्या सनदांची आठवण ठेवून आहे. १७५१ साली नागपूरकर भोसल्यांचा अंमल येथे बसला. तिसरे रघूजी १८५३ च्या डिसेंबरात निपुत्रिक वारल्यावर इंग्रजांनी संस्थान खालसा केले, आणि चांद्याची पहिली सविस्तर जमाबंदी, मेजर लुसी स्मिथ यांच्या अहवालाच्या रूपाने, १८६९ साली सिद्ध झाली. राजवट गोंडांची असो, मराठ्यांची असो वा साहेबांची, दफ्तराचा स्वभाव एकच. जे मोजता येते, साठवता येते, गाडीवर घालून नाक्यावरून नेता येते, त्याचीच तेथे बाब होते. त्याच्यावर सायर नावाचा कर बसतो, त्याचा इजारा दिला जातो, त्याची चोरी होते आणि चोरीबद्दल दंड होतो. जी वस्तू पहाटे उगवते, दुपारी शिजते आणि संध्याकाळी उरत नाही, तिचा ठेका कोण घेणार आणि तिचा हप्ता कोणत्या महिन्यात वसूल करणार?

१९२७ च्या भारतीय वन अधिनियमाची व्याख्या या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. वनोपज म्हणजे काय हे सांगताना तिच्यात लाकूड, कोळसा, कात, राळ, साल, लाख, मोहाची फुले, मोहाच्या बिया, हिरडा अशी मालिका लागते. पुढे झाडे, पाने, फुले, फळे येतात. नंतर झाडे नसलेल्या वनस्पती, त्यांत गवत, वेली, बोरू आणि शेवाळसुद्धा. मग रानटी जनावरे, कातडी, हस्तिदंत, शिंगे, हाडे, रेशीम, कोष, मध, मेण. आणि शेवटी माती, दगड व खनिजे. शेवाळासारखी क्षुद्र वस्तू ज्या मसुदेकाराच्या नजरेतून सुटली नाही, त्याला अळंबी तेवढी दिसली नाही. त्या काळचे शास्त्र अळंबीला वनस्पतीच मानीत असल्यामुळे ती पोटात आलीच असा युक्तिवाद करता येईल. पण १९६९ साली व्हिटेकर यांनी बुरशीची सृष्टी वनस्पतींपासून वेगळी काढली, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची व्याख्या ‘वनस्पतिजन्य’ या शब्दावर उभी केली. तिथल्या नामावळीत बांबू, तुसाराचे कोष, मध, मेण, लाख, तेंदूची पाने, मुळे व कंद आहेत. सात्या पुन्हा बाहेरच. कोणा वकिलाच्या ही फट अजून ध्यानात आलेली दिसत नाही, आणि मीही ती मोठ्या आवाजात सांगू इच्छीत नाही.

मध्यप्रांताच्या महसुली व्यवहारात निस्तार नावाचा एक मोठा अर्थगर्भ शब्द होता व विदर्भाच्या पूर्व भागात तो अजून आहे. जळण, चराई, कुंपणाचे काटे, घराच्या वळया, नांगराचे लाकूड ही रयतेची नित्याची गरज भागवण्याचा जो हक्क, तो निस्तार. गावाच्या वाजिब-उल-अर्जात, म्हणजे वहिवाटीच्या नोंदपत्रकात, तो लिहिला जाई, आणि ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपून गावची झुडपी राने सरकारजमा झाल्यावर निस्तारपत्रकांत त्याची नव्याने मांडणी झाली. या हक्कांसाठी माणसे भांडली, अर्ज झाले, अपिले झाली. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाने तर दीर्घ अभ्यासाने आणि चिकाटीने २००९ साली सुमारे १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळवला, आणि बांबू विकण्याचा परवाना स्वतःच्या ग्रामसभेच्या हातात आणला. सात्यांसाठी मात्र कोणाला भांडावे लागले नाही, कारण त्या कोणी काढूनच घेतल्या नव्हत्या.

हे सारे ज्या तोंडांसाठी, त्यांच्या पोटात काय पडते ते पाहिले पाहिजे. धानाची रोवणी चालू असते ते दोन महिने या मुलखात पूर्वापार तंगीचे; कोठीतला भात सरत आलेला, मजुरी चिखलात दिवसभर वाकून करावयाची, आणि ताटात भात, अंबाडीचे सार किंवा नुसती पेज. तांदळातल्या प्रथिनांत लायसिन नावाचे घटकद्रव्य कमी असते, आणि अळंबीत ते पुरेसे असते, म्हणून भाताबरोबर सात्या हा योग आहारशास्त्राच्या दृष्टीनेही सुसंगत आहे. ताज्या अळंबीत सुमारे नऊ दशांश पाणीच. पांढऱ्या बटणजातीच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३ ग्रॅम प्रथिने आणि अवघे २२ उष्मांक. वारुळावरच्या जाती वाळवून तोलल्या तर वजनाचा पाचवा ते तिसरा हिस्सा प्रथिनांचा भरतो. ब गटातली जीवनसत्त्वे, पोटॅशियम व तांबे यांचा पुरवठा चांगला. आणि तिच्यातले अर्गोस्टेरॉल नावाचे द्रव्य उन्हात ठेवल्यास ड जीवनसत्त्वात रूपांतरित होते, म्हणून सुपात वाळत घातलेल्या सात्या नकळत औषध होऊन बसतात. याच भाजीवर चार चमचे साय ओतली की उष्मांक कित्येक पटींनी चढतात. रोवणीवरून परतलेल्या बाईला ते चढले तर कोणी तक्रार करणार नाही. अडचण अशी की साय तिच्या घरी नसते.

गडचिरोलीकडच्या माडिया गोंडांच्या घरांत तर दुधाचा प्रश्नच उद्भवत नसे. गाईचे दूध वासराचे, त्यावर माणसाचा हक्क नाही, अशी त्यांची जुनी धारणा. गोठ्यात गाई असूनही चुलीजवळ दुधाचे भांडे नसे. भामरागडच्या वाटेवर एका घरी मला मोठ्या पानात गुंडाळून, दोरीने बांधून निखाऱ्यात पुरलेल्या सात्या खावयास मिळाल्या. पान काळे पडले होते, आत मीठ आणि मिरची यांखेरीज काही नव्हते, आणि उघडल्याबरोबर जी वाफ आली ती मातीच्या पहिल्या पावसाची होती. झाकलेल्या पात्रात, स्वतःच्याच रसात, मंद आंचेवर शिजवणे हे कॅसरोलचे तत्त्व असेल, तर ते तेथे पात्रावाचून सिद्ध झालेले होते.

आत्याबाईंची रीत थोडी प्रापंचिक. सात्या तीन पाण्यांतून धुवावयाच्या, सुरीने न चिरता हाताने उभ्या फाडावयाच्या, गंजात जवसाचे तेल, ठेचलेला लसूण, कांदा, हळद, तिखट, मग झाकण. पाणी घालावयाचे नाही, ते सात्याच सोडतात. ते निम्मे आटले की मूठभर तांदळाची पिठी पाण्यात कालवून त्यात सोडावयाची, आणि ढवळत राहावयाचे. थोड्या वेळात रस दाट, मऊ, चमच्याला धरून राहणारा होतो. कोणी डोळे मिटून खाल्ला तर सायीचा भास व्हावा इतका. टोकियोचे रसायनज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली समुद्री शेवाळाच्या सारातून ग्लुटामेट वेगळे काढून त्याच्या चवीला उमामी हे नाव दिले. अळंबीत ते विपुल असते, आणि त्या बारशाच्या पंगतीत आत्याबाई ज्याला सात्यांचा स्वतःचा रस म्हणत होत्या, तो हाच.

विषारी जातींविषयी चार ओळी लिहिणे कर्तव्य आहे, कारण दर पावसाळ्यात कोठे ना कोठे घात होतो. चांदीचे नाणे काळे पडते, लसूण निळा होतो, किडे लागलेली अळंबी निर्धोक असते, या सर्व परीक्षा खोट्या आहेत. अमॅनिटा कुळातल्या घातक जातींचे विष शिजवून जात नाही, आणि त्याची लक्षणे सहा ते चोवीस तासांनी दिसू लागतात, तोवर ते यकृतापर्यंत पोचलेले असते. जुन्या बायका यांतली एकही परीक्षा करीत नसत. त्यांना ठिकाण ठाऊक असे. आजीने ज्या वारुळावरच्या खाल्ल्या, त्याच वारुळावरच्या त्या खात.

आता या भाजीला भाव आला आहे. मूल, नागभीड, ब्रह्मपुरी, आरमोरी यांच्या रस्त्यांवर बायका पळसाच्या पानांवर वाटे मांडून बसतात, आणि हंगामाच्या तोंडाशी तो भाव मटणाशी स्पर्धा करतो. मोटारीतून उतरणारा शहरी गृहस्थ घासाघीस करतो, पण टाकून जात नाही. त्या वाट्यामागे पहाटेच्या रानातली पायपीट असते, आणि ब्रह्मपुरी-सिंदेवाहीच्या रानात पहाट ही वाघाचीही वेळ आहे. वाकून काही वेचणारे माणूस त्याला चौपायासारखे दिसते असे वनखात्याचे लोक सांगतात, आणि मोह, तेंदू वा सात्या वेचताना गेलेल्या माणसांची नावे दर साल वर्तमानपत्रांत येतात. तणसावर धिंगरी अळंबी पिकवण्याचे शिक्षण आता बचत गटांतल्या बायकांना मिळू लागले आहे. जे धान खळ्यावरून गेले त्याच्याच तणसाला पुन्हा पीक यावे, ही व्यवस्था सुश्रुताला पसंत पडली असती. धिंगरीची नोंद होते, तिचे अनुदान मंजूर होते, तिला वजन आणि पावती आहे. चवीच्या बाबतीत मी आत्याबाईंच्या पक्षाचा आहे.

आत्याबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. तलाठ्याने रीतसर फेरफार घेतला आणि सातबारावर तिघा मुलांची नावे चढली. धुरा थोरल्याच्या हिश्शात आला. वारूळ कोठे उगवते व कोणत्या नक्षत्रात पाहावयास जावे हे मात्र त्यांनी धाकट्या सुनेला सांगून ठेवले होते, आणि गेल्या आषाढात तिने मला गंजभर भाजी पाठवली. ठिकाण विचारले, तेव्हा ती हसून आत गेली.